उसळी स्प्रिंगची, लगाम तेलाचा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) ते छत्रपती संभाजीनगर या रस्त्यावर नेवासे तालुक्यातील घोडेगाव लागते. शनिशिंगणापूरचा फाटा येथूनच फुटतो. शुक्रवारी येथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. मुख्य रस्ता सोडला की वस्त्यांकडे जाणाऱ्या खडीच्या आणि मातीच्या वाटा सुरू होतात. अशा वाटांवरून रोज मोटारसायकलने शाळेत जाणारे शिक्षक इंजिनातले ऑइल वेळच्या वेळी बदलून घेतात. पण गाडीत आणखी एका ठिकाणी तेल असते आणि तेही जुने होते, हे अनेकांच्या गावीही नसते. ते तेल म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरमधले, आपल्या बोलीत शॉकअपमधले. ते बदलायचे कशासाठी, हे समजायला शाळेतले पदार्थविज्ञान पुरते.

दगड तोच, वेग वेगळा

साध्या बैलगाडीला स्प्रिंग नसते. ताशी 4 किलोमीटर वेगाने चालणारे चाक दगडावर सावकाश चढते. तोच दगड ताशी 40 किलोमीटर वेगाने ओलांडायचा असेल, तर तितकीच उंची एक दशांश वेळात चढावी लागते. चाकाचा वर जाण्याचा वेग दहापट होतो आणि त्वरण शंभरपट. न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार बलही शंभरपट वाढते. हा धक्का थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोचू नये, म्हणून चाक आणि गाडी यांच्यामध्ये स्प्रिंग बसवतात. चाक वर जाते, स्प्रिंग दबते, आणि गाडी जवळजवळ आपल्याच उंचीवर राहते.

पण स्प्रिंग ऊर्जा साठवते, संपवत नाही. गाडी आणि स्वार मिळून 200 किलोग्रॅम वजन 5 सेंटिमीटर खाली आले, तर सुमारे 100 ज्यूल ऊर्जा स्प्रिंगमध्ये जाते. नुसती स्प्रिंग असेल तर ती जवळजवळ सगळी ऊर्जा परत करील आणि गाडी वरखाली झुलत राहील.

हे झुलणे किती जलद होईल? येथे एक सुंदर नियम आहे. भाराखाली स्प्रिंग मोकळ्या लांबीपासून जितकी दबते, तितक्याच लांबीच्या लंबकाचा आवर्तनकाल हाच स्प्रिंगवरील भाराचाही आवर्तनकाल असतो. स्प्रिंग 4 सेंटिमीटर दबत असेल, तर हा काळ सुमारे 0.4 सेकंद, म्हणजे सेकंदाला अडीच हेलकावे. आता ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेगाने जाताना दर 4 मीटरवर एक उंचवटा आला, तर धक्केही सेकंदाला अडीचच बसतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिल्यासारखे हे होते. यालाच अनुनाद म्हणतात. हेलकावे वाढतच जातात.

तेल काय करते?

हे वाढणे रोखण्याचे काम तेल करते. पुढच्या फोर्कच्या प्रत्येक पायात एक नळी दुसऱ्या नळीत सरकते. आत स्प्रिंग आणि पेलाभर तेल असते. नळी सरकली की तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते. तेथे होणाऱ्या घर्षणामुळे हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि हवेत निघून जाते. या क्रियेला अवमंदन म्हणतात. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने 1935 साली आर-12 या मोटारसायकलला असा तेलाचे अवमंदन असलेला फोर्क बसवला. आजच्या बहुतेक गाड्यांचा फोर्क त्याच तत्त्वावर चालतो.

त्यात एक खुबी असते. चाक उंचवट्यावर चढताना तेलाला जास्त वाट मिळते, म्हणून स्प्रिंग सहज दबते. स्प्रिंग उलगडताना काही वाटा झडपेने बंद होतात आणि उसळी आवरली जाते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरा. दट्ट्या हळू दाबला तर सहज जातो, जोरात दाबला तर अडतो. मग पाण्याऐवजी गोडेतेल भरून पहा. दुसरा प्रयोग असा : स्प्रिंगला दगड टांगून तो हवेत, मग पाण्यात आणि शेवटी गोडेतेलात बुडवून झुलवा. थांबेपर्यंत किती हेलकावे झाले ते विद्यार्थ्यांना मोजू द्या.

झीज आणि धोका

स्प्रिंग वर्षानुवर्षे टिकते. आधी थकते ते तेल. त्यात धातूचा बारीक कीस आणि ओल मिसळते, श्यानता बदलते, फेस होऊ लागतो. फेसाळ तेल छिद्रांतून सहज निसटते आणि लगाम सुटतो. नळीवर बसलेली धूळ ऑइल सीलची रबरी कड खरवडते आणि तेल झिरपू लागते. हे सगळे इतके हळू घडते की रोजच्या स्वाराला बदल जाणवत नाही. हात आणि पाठ त्याला सरावतात.

प्रश्न नुसत्या आरामाचा नाही. टायरची रस्त्यावरची पकड त्यावरील भाराच्या प्रमाणात असते. लगाम सुटलेले चाक खडीवर थरथरते. भार क्षणात वाढतो, क्षणात जवळजवळ नाहीसा होतो. सरासरी भार तोच असला, तरी भार कमी असलेल्या क्षणी ब्रेक दाबलेला असेल तर चाक तिथेच अडकून घसरते. शिवाय सीलमधून गळणारे तेल डिस्क ब्रेकवर उतरले, तर ब्रेकच लागत नाही.

तपासणी आणि दुरुस्ती

गाडीवर बसून पुढचा ब्रेक धरा, हँडल जोराने दाबा आणि सोडा. फोर्क एकदा वर येऊन स्थिरावला तर ठीक. दोन-तीन वेळा झुलला तर तेल थकले आहे. नळीवर पांढरे फडके फिरवा. त्यावर तेलाचा डाग पडला तर सील गेले. खड्ड्यात खटखट आवाज येत असेल, तर हँडलचा कोनसेटही तपासून घ्यावा. दोष तेथेही असू शकतो.

दुरुस्ती जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी. दाबलेली स्प्रिंग टोपण उघडताच उसळून इजा करू शकते. चांगला मेकॅनिक दोन्ही पाय उतरवतो, जुने तेल काढतो, स्प्रिंगची लांबी मोजतो, नळी सरळ आहे ना हे पाहतो आणि बुश तपासतो. नळीवर गंजाचे खड्डे असतील, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत फाटते. असे असेल तर आधी नळीचा बंदोबस्त करायला हवा. नवे तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घालावे आणि मापाने मोजून दोन्ही पायांत सारखे भरावे. अंदाजाने जास्त ओतले, तर वरची हवेची जागा आक्रसते. फोर्क दबताना बॉइलच्या नियमानुसार तिचा दाब फार वाढतो आणि फोर्क ताठ होतो.

रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांचे मागचे शॉकअप बंदिस्त असतात. काहींत फेस होऊ नये म्हणून दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. ते उघडू नयेत. गळू लागले की जोडीने बदलावेत.

घोडेगाव ज्या रस्त्यावर आहे, त्याच्या एका टोकाला अहिल्यानगर येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहनांची चाचणी घेणारी संस्था, व्हीआरडीई, आहे. दुसऱ्या टोकाजवळ वाळूजला एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी फोर्क आणि शॉकअप बनवते. पण कारखान्यात कितीही चांगला बनला आणि चाचणीत कितीही खरा उतरला, तरी पेलाभर तेल थकले की तो शॉकअप नुसती स्प्रिंग उरतो. पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिन ऑइलबरोबर फोर्कचीही चौकशी करावी. आणि मेकॅनिकने परवानगी दिली, तर उघडलेला फोर्क पाहायला नववी-दहावीच्या दोन-चार मुलांनाही बरोबर न्यावे. हूक, न्यूटन आणि बॉइल यांचे नियम त्यांना तेथे एकाच नळीत काम करताना दिसतील.