कायदा तुरुंगाचा, अनुभव कोणाचा?

जबलपूरला मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय आहे आणि नेताजी सुभाषचंद्र बोस मध्यवर्ती कारागृहही. विधानसभा मात्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर भोपाळला. तिथेच २०२४ मध्ये, केंद्राने २०२३ साली राज्यांना पाठविलेल्या आदर्श कायद्याच्या धर्तीवर, राज्याचा नवा कारागृह कायदा संमत झाला आणि १८९४ च्या वसाहतकालीन कायद्याला पर्याय मिळाला. यातील प्रत्येक कलम अखेर बराकीच्या दारावर उभ्या असलेल्या प्रहरीच्या, म्हणजे आपल्याकडील कारागृह शिपायाच्या, हातून अमलात येते. विधेयक तयार होत असताना त्याला भोपाळला जाऊन आपले म्हणणे मांडायचे असते, तर वेळ कोणाचा खर्च झाला असता?

कॅलिफोर्नियातील तुरुंग अधिकाऱ्यांच्या संघटनेने यावर एक तोडगा काढला आहे. सदस्य आपल्या रजेतील काही तास सामायिक खात्यात जमा करतात आणि त्यातून प्रतिनिधींना संघटनेच्या कामासाठी पगारी वेळ मिळतो. आपल्याकडे मात्र रजा ही वैयक्तिक बाब मानली जाते. केंद्रीय नियमांनुसार अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठवता येते, पण ती सहकाऱ्याला देण्याची तरतूद नाही.

तरीही या तोडग्याची नक्कल करण्याची घाई नको. याच संघटनेने १९९४ मध्ये तिसऱ्या गुन्ह्याला जबर शिक्षा देणाऱ्या कायद्याला पाठबळ दिले होते. तुरुंग भरलेले राहण्यात ज्यांच्या नोकऱ्या गुंतलेल्या असतात, त्यांचा सल्ला निखळ असेलच असे नाही. शिवाय २०२२ अखेर देशातील ४,३६,२६६ क्षमतेच्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि कर्मचाऱ्यांची सुमारे तीस टक्के पदे रिक्त होती. अशा स्थितीत एकाने दान केलेली रजा म्हणजे त्याची स्वतःची हुकलेली विश्रांती. तिचा भार शेवटी बंद्यांवरच पडतो.

म्हणून कायदेमंडळाने ऐकून घेण्याचा खर्च प्रहरीच्या रजेवर टाकू नये. वर्तणूक नियम सरकारवर जाहीर टीका करण्यास मज्जाव करतात. परंतु संसद वा विधिमंडळाने नेमलेल्या चौकशीपुढे साक्ष देण्यास केंद्रीय नियमांत मोकळीक आहे. तुरुंगविषयक विधेयक चिकित्सेसाठी समितीकडे जावे, समितीने कारागृहात जाऊन कनिष्ठ कर्मचाऱ्यांना वरिष्ठांच्या अनुपस्थितीत ऐकावे आणि तो वेळ कर्तव्यकाळ मानला जावा. त्याच दिवशी, त्याच आवारात, बंद्यांचेही म्हणणे नोंदवले जावे. १९८० मध्ये नेमलेल्या मुल्ला समितीपासून तुरुंग सुधारणेचे अहवाल येतच आहेत. ज्यांना नव्या नियमांखाली राहायचे आहे आणि ज्यांना ते राबवायचे आहेत, त्या दोघांची साक्ष एकत्र वाचली, तरच कायदा करणाऱ्यांना बराकीचे खरे चित्र दिसेल.