भागीदारांची पारख

विकसनशील राष्ट्रे परकीय साहाय्याकडे उपकार म्हणून पाहत नाहीत. त्यामागील अटी ती पारखून घेतात. इंडोनेशियाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कोळशाचा वापर कमी करण्यासाठी अमेरिका, जपान आदी देशांनी २०२२ मध्ये बाली येथे २० अब्ज डॉलर उभारून देण्याचे आश्वासन दिले. त्यात अनुदान अल्प व कर्जच अधिक होते. शिवाय २०२५ मध्ये अमेरिकेने अंग काढून घेतले. याउलट, २०२० मध्ये निकेल-खनिजाची निर्यात थांबविल्यावर चिनी भांडवलाने सुलावेसी बेटावरील धातुशुद्धीचे कारखाने झपाट्याने वाढले. तथापि, विजेवरील मोटारींच्या घटांनाही लागणारा हा धातू तेथे कोळसा जाळूनच वितळविला जातो. म्हणजे एकाचे वचन अपुरे, तर दुसऱ्याच्या कारखान्यांचा धूर दाट! अशा स्थितीत कोणा एकाचीच कास न धरता दोघांशीही व्यवहार राखणे, यातच त्या देशाला आपले हित दिसते.