डिसेंबर १९९३चा संगणक

१० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ हा खेळ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला गेला आणि तिथून तो जगभर पसरला. त्या आठवड्यात एखाद्या खेळवेड्यानं चार पैसे जास्त मोजून जो संगणक जुळवून घेतला असता, नेमका तोच आज मूळ सुट्या भागांतून पुन्हा उभा करायचा, असा छंद अनेक देशांतले हौशी लोक जोपासतात. अडगळीतला जुना संगणक चालू करणं निराळं आणि हे निराळं. इथे आधी तारीख ठरते, मग यंत्र. त्या तारखेला जो भाग दुकानात मिळत नव्हता, त्याला कॅबिनेटमध्ये जागा नाही.

ही अट दिसते त्यापेक्षा बरीच कडक आहे. डिसेंबर १९९३ म्हटलं की इंटेलचा ४८६ डीएक्स२-६६ हा प्रोसेसर चालतो. तो १९९२च्या ऑगस्टमध्ये आला. डीएक्स४ बाद, कारण तो मार्च १९९४चा. पेन्टियम १९९३च्या मार्चमध्येच आला होता, पण घरी खेळणाऱ्या बहुतेकांना तो परवडत नव्हता. तारखेत बसूनही तो सोडून द्यावा, हे बरं. आवाजासाठी साउंड ब्लास्टर १६ घेता येतं, नंतरचं एडब्ल्यूई३२ नाही. सगळ्यात जास्त फसगत होते ती डॉसच्या बाबतीत. जुना संगणक दिसला की हौशी माणूस सवयीनं एमएस-डॉस ६.२२च्या तीन फ्लॉप्या बाहेर काढतो. ते मात्र १९९४चं. त्या डिसेंबरात मिळत होतं ६.२, आणि त्यात डिस्कवरची माहिती दाबून बसवणारा डबलस्पेस हा प्रोग्राम होता. स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं पेटंटचा खटला जिंकल्यावर मायक्रोसॉफ्टला तो १९९४मध्ये काढून टाकावा लागला. फ्लॉपीच्या लेबलावरचा शेवटचा आकडा असा एका खटल्याची आठवण सांगतो.

भागांचं वय ओळखायला चिपांची पाठ वाचावी लागते. बहुतेक चिपांवर चार आकडे छापलेले असतात. ९३२८ म्हणजे १९९३ सालचा २८वा आठवडा. मदरबोर्डवर ९५नं सुरू होणारा आकडा दिसला, तर तो बोर्ड नंतरचा तरी आहे किंवा मागाहून दुरुस्त केलेला तरी. पक्का हौशी माणूस विकत घेण्याआधी फोटो मोठा करून हेच आकडे शोधतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण भाग एकमेकांच्या मापानं बनलेले होते. ‘डूम’चा पडदा ३२० बाय २०० ठिपक्यांचा, म्हणजे ६४,००० ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला एक बाइट. खेळ सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रं दाखवतो. म्हणजे सेकंदाला सुमारे २२ लाख बाइट प्रोसेसरकडून डिस्प्ले कार्डाकडे जायला हवेत. जुन्या आयएसए स्लॉटचा मार्ग १६ बिटांचा आणि सुमारे ८ मेगाहर्ट्‌झ वेगाचा. त्यावरून एवढा माल नेताना प्रोसेसरचा बराच वेळ नुसता थांबण्यात जातो. १९९२मध्ये आलेला व्हेसा लोकल बस हा स्लॉट ३२ बिटांचा, थेट प्रोसेसरच्या बसला जोडलेला आणि ३३ मेगाहर्ट्‌झवर चालणारा. सिरस लॉजिकची ५४२८ चिप असलेलं कार्ड त्यात बसवलं की तोच प्रोसेसर खेळ कितीतरी सफाईनं चालवतो. हा फरक वाचून पटतो. आयएसएचं आणि व्हेसाचं अशी दोन्ही कार्डं आलटून पालटून लावली की बोटांना कळतो. व्हेसाचं कार्ड इतकं लांब असतं की बसवताना मदरबोर्ड वाकतो. तेव्हा खालून हाताचा आधार द्यावाच.

या कामातला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बॅटरी. त्या काळच्या मदरबोर्डांवर तारीख आणि सेटिंग जपण्यासाठी पिंपाच्या आकाराची छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असे. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती गळते. तिच्यातला अल्कधर्मी द्रव आधी जवळच्या कीबोर्डच्या सॉकेटवर पसरतो, मग बोर्डाच्या हिरव्या लेपाखाली शिरून केसाएवढे तांब्याचे मार्ग खात जातो. वरून फक्त निळसर पूड दिसते. बॅटरी कापून काढायची, डागावर व्हिनेगर लावून अल्क मारायचा, पाण्यानं आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायचं आणि बोर्ड पूर्ण वाळू द्यायचा. त्यानंतर खरी मेहनत सुरू होते. मल्टिमीटर लावून एकेक मार्ग तपासायचा. जिथे बीप येत नाही, तिथे बारीक तार सोल्डर करून तुटलेला मार्ग जोडायचा. बॅटरीच्या जागी नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल बसवायचा असेल तर डायोड हवाच, कारण बोर्ड त्या सेललाही चार्ज करू पाहतो आणि ते धोक्याचं असतं.

वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या बाबतीतही हयगय चालत नाही. मागचा ११५-२३० व्होल्टचा खटका अमेरिकेतून आलेल्या डब्यात बहुधा ११५वर असतो. भारतात तो न बदलता बटण दाबलं की एसएमपीएस जळतोच. मदरबोर्डला जाणारे पी८ आणि पी९ हे दोन कनेक्टर शेजारी-शेजारी बसतात आणि एकमेकांच्या जागीही बसू शकतात. त्यासाठी एकच खूण लक्षात ठेवायची, काळ्या तारा मधोमध. शिवाय त्या काळच्या कॅबिनेटच्या दर्शनी बटणापर्यंत घरातली पूर्ण वीज येते. तिथे हात घालण्याआधी प्लग काढावा. एसएमपीएसमधले कपॅसिटर सुकलेले असतील तर ते नवे घालावेत. जुळणी कितीही अस्सल हवी असली तरी, या लेखकाच्या मते, बॅटरी आणि कपॅसिटर यांना त्या हट्टातून सूट द्यायलाच हवी. तिथे अस्सलपणा धरून बसलं तर बाकीचं सगळं जळून जातं.

हार्ड डिस्कवरून मात्र दोन तट आहेत. त्या काळच्या ३४० एमबीच्या डिस्क दरवर्षी कमी होत चालल्या आहेत. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीई केबलला साध्या अडॅप्टरनं जोडता येतं आणि आवाज न करता चालतं. पण त्या डिस्कची घरघर आणि खेळाचा पुढचा टप्पा उघडताना होणारी खडखड हाही त्या यंत्राचाच भाग आहे. रोजच्या वापराला कार्ड आणि मूळ डिस्क जपून ठेवलेली, ही तडजोड शहाणपणाची वाटते.

आवाजाच्या बाबतीत तडजोडीला जागाच नाही. साउंड ब्लास्टर १६वर यामाहाची वायएमएफ२६२ ही चिप हवी. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीनं ती सूर तयार करते. नंतरच्या काही कार्डांवर तिच्याऐवजी नक्कल बसली आणि फरक कानाला लगेच कळतो.

कॅबिनेटच्या दर्शनी भागावरचा हिरवा ‘६६’ हा आकडा पाहून अनेकांना वाटतं की संगणक आपला वेग मोजून दाखवतो आहे. तो काहीच मोजत नाही. आकड्यामागच्या छोट्या पट्टीवर जम्पर लावून कोणता आकडा उमटावा ते हातानं ठरवलेलं असतं. शेजारच्या टर्बो बटणाचा खरा उपयोग वेग कमी करण्याचा होता. १९८१च्या आयबीएम पीसीचा ४.७७ मेगाहर्ट्‌झ वेग गृहीत धरून लिहिलेले खेळ ४८६वर इतके पळत की खेळताच येत नसत.

भाग मिळणं दिवसेंदिवस अवघड होत आहे आणि त्याला सोनंही कारणीभूत आहे. सिरॅमिकच्या ४८६ प्रोसेसरच्या १६८ पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, म्हणून धातू गाळणारे ते किलोवर विकत घेतात. चालू स्थितीतले प्रोसेसरही त्यात जातात. ही हानी भरून निघणारी नाही.

महाराष्ट्रात हा छंद जोपासायचा तर १९९३ची वेगळी जुळणीही करता येईल. त्या काळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून जुळवलेले ‘असेंबल्ड’ पीसी घेतले जात. त्यावर मराठी आणायची एक वाट म्हणजे पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड. हे तंत्र मुळात आयआयटी कानपूरमध्ये घडलं आणि १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकनं पुढे नेलं. कार्ड स्लॉटमध्ये बसवलं की डीबेस किंवा वर्डस्टारसारख्या इंग्रजी प्रोग्रामांतही देवनागरी टाइप करता येत असे. अक्षरं जोडण्याचं काम कार्ड स्वतः करत असे. मजकूर इस्की या संकेतात साठवला जाई. त्याचं भारतीय मानक १९९१चं. साउंड ब्लास्टर आजही शोधलं तर मिळतं, पण चालू जिस्ट कार्ड मिळणं त्याहून फार कठीण. जुन्या छापखान्याच्या किंवा कार्यालयाच्या माळ्यावर असा डबा असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी झाकण उघडावं, बॅटरी कापून टाकावी आणि स्लॉटमधल्या प्रत्येक कार्डावर काय छापलं आहे ते वाचावं.