विद्यापीठाचा इळा

गेल्या फाल्गुनात, गव्हाच्या काढणीच्या दिवसांत, नव्या पेठेतल्या आमच्या लोखंडी सामानाच्या दुकानात एक टोपीवाले गृहस्थ शिरले नि म्हणाले, "मालक, विद्यापीठाचा इळा हाय का?"

मला हसू आवरेना. विद्यापीठात पदव्या मिळतात हे ठाऊक होते. आता विळेही मिळू लागले की काय? "विळे आहेत, पण त्यांतला एकही बी. ए. झालेला नाही," मी म्हणालो. दुकानातली माणसे हसली. गिऱ्हाईक मात्र हसले नाही. ते सरळ पुढच्या दुकानात गेले.

संध्याकाळी हा किस्सा मी भाच्याला ऐकवला. त्याचा अवजारांचा लहानसा कारखाना आहे. तो म्हणाला, "मामा, हसू तुमचेच झाले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दातेरी पात्याचा 'वैभव' विळा काढला आहे. करवतीसारखा ओढून कापायचा. धार लावायला पुन्हा पुन्हा लोहाराकडे जावे लागत नाही."

मग त्याने मला जे समजावले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल. विद्यापीठात शोध लागतो, पण विद्यापीठ काही भट्टी पेटवून दुकान मांडत नाही. म्हणून विद्यापीठे नि सरकारी प्रयोगशाळा आपल्या शोधांच्या याद्या प्रसिद्ध करतात. कारखानदाराने करार करायचा, ठरलेली रक्कम भरायची नि माल काढायचा. विक्रीवर ठराविक टक्के द्यायचे, त्याला रॉयल्टी म्हणतात. घर मालकाचेच राहते, आपण भाडेकरू, तसेच हे. सरकारी पैशाने लागलेले शोध कारखान्यांपर्यंत पोचवण्यासाठी आपल्याकडे १९५३ साली राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळही स्थापन झाले.

भाच्याच्या मनात अशाच एका यादीतले एक अवजार भरले होते नि जामीन म्हणून त्याला माझी सही हवी होती. बहिणीने आपल्या पाटल्या आधीच काढून ठेवल्या होत्या.

"अरे, विद्यापीठ चालते जनतेच्या पैशावर," मी म्हणालो. "मग पुन्हा भाडे कसले? मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी ३५-१ ज्वारीचे बियाणे आपल्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या पेरले. त्याला कोणी पेटंट विचारले?"

"बियाणे शेतकरी घरी राखतो, मामा. आपल्याकडे वाणाला पेटंट मिळतच नाही. त्याचा २००१ चा कायदा वेगळा, नि त्यातही घरचे बी राखून पेरण्याचा शेतकऱ्याचा हक्क शाबूत आहे. पण अवजाराला साचे लागतात, यंत्र लागते. मी साच्यात पैसा घालावा नि दुसऱ्या महिन्यात कोणीही नक्कल करावी, तर साचा करील कोण?"

ह्यावर मी गप्प झालो. कारण आमच्या वडिलांनी कडबा कापायच्या अडकित्त्याची मूठ अशी वळवली होती, की बायामाणसांच्याही हाताला ती सोसे. वर्षभरात बाजारात तसेच अडकित्ते आले, आमच्यापेक्षा स्वस्त. वडिलांजवळ कागदाचा चिटोराही नव्हता. तो पहिला अडकित्ता आजही माळ्यावर आहे.

कागद वाईटही असतो, हे खरे. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मिळाले होते! आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे पुढे केले, तेव्हा १९९७ साली ते रद्द झाले. उलट १९२३ साली बँटिंग, बेस्ट व कॉलिप ह्यांनी इन्शुलिनच्या पेटंटाचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. औषध शुद्ध निघावे नि कोणी एकट्याने ते अडवून धरू नये, म्हणून विद्यापीठाने तो कागद जवळ ठेवला. कागद तोच, हात कोणाचा, ह्यावर सारे.

आपल्या प्राध्यापकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शोध आधी छापला नि अर्ज मागून केला, तर बहुधा पेटंट हातचे जाते. शिक्षणसंस्थांना पेटंटाच्या शुल्कात २०२१ पासून ऐंशी टक्के सवलत आहे. आणि हक्काची मुदत अर्जापासून वीस वर्षे. पुढे शोध सर्वांचा होतो.

मी कराराचा मसुदा तीनदा वाचला. परवाना एकालाच की अनेकांना? किती वर्षांचा, कुठल्या प्रदेशापुरता? सुरुवातीला किती, विक्रीवर किती? माल खपला नाही, तर किमान रक्कम भरावी लागेल का? अवजारात खोट निघाली, तर दुरुस्ती कोण सुचवणार? ही उत्तरे लेखी मागून घेतली नि मगच सही केली. बहिणीला म्हटले, "पाटल्या हातात घाल. लागेल ते दुकानातून देऊ."

नफा होईल की नाही, देव जाणे. पण यंदा पाडव्याला वहीपूजनाच्या पाटावर वडिलांचा तो अडकित्ता ठेवणार आहे. नव्या वहीतले पहिले खाते रॉयल्टीचे असेल. आणि ते टोपीवाले गृहस्थ पुन्हा दुकानात आलेच, तर त्यांना विळा देईन. बी. ए. झालेला!