राखणीचा कुत्रा, घरचा उपचार आणि डॉक्टरची फी

खानदेशात शेतावर कुत्रा पाळणारा माणूस बहुधा हौसेखातर पाळत नाही. मक्यात रात्री रानडुकरांचा कळप शिरला तर पहिला भुंकणारा तोच असतो. साक्री भागातले ठेलारी आणि धनगर बांधव पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन मुलूख सोडतात. त्यांच्या वाड्याची रात्रीची सगळी भिस्त दोन-तीन कुत्र्यांवर असते. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले. मळ्यात राखणीला कुत्रा असणे म्हणजे काय, हे त्या भागातल्या लोकांना मी सांगायला नको.

असा कुत्रा जखमी झाला की माणूस पेचात पडतो. पशुवैद्यकीय दवाखाना दूर, गाडीभाडे वेगळे, दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. शिवाय "कुत्र्यासाठी एवढा खर्च?" असे घरचेच विचारतात. मग गाडी माझ्यासारख्या माणसांच्या डॉक्टरकडे वळते. दुपारी दवाखाना बंद करण्याच्या वेळेला बाहेर मोटारसायकल थांबते, मागे पोत्यात गुंडाळलेला कुत्रा असतो आणि मालक म्हणतो, "डाक्टरसाहेब, मना कुत्राले टाका मारी द्या ना." टाका मला येतो, सुई-दोराही कपाटात असतो. तरी मी नाही म्हणतो, आणि त्याला राग येतो.

नाही म्हणण्याचे एक कारण कायद्याचे आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे, एमबीबीएस झालेल्याला नाही. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. कुत्र्याचे शरीर म्हणजे छोट्या आकाराचा माणूस नव्हे. एक साधे उदाहरण सांगतो. निरोगी कुत्र्याच्या अंगाचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपला हात त्याच्या कानाला लागला की तो गरमच लागतो. "ताप आलाय" म्हणून घरात पडलेली क्रोसिनची गोळी भाकरीत घालून दिली जाते. ताप मुळात नसतोच आणि गोळी मात्र पोटात जाते.

तरीही खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाला मी चुकीचा म्हणणार नाही. शहरातल्या खासगी दवाखान्यात भूल, टाके आणि चार ड्रेसिंग एवढ्यात बिल हजारांत जाते. प्रत्येक ओरखड्याला हा खर्च करायची गरजही नाही. प्रश्न एवढाच आहे की पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाहीत. आमच्याकडे नेमके उलटे होते. जिथे घरी भागते तिथे लोक घाबरून धावतात, आणि जिथे धावायला हवे तिथे हळद दाबून गप्प बसतात.

काटेरी तारेचा ओरखडा, बाभळीच्या काट्याचे टोचणे, कापसाच्या पऱ्हाटीच्या खुंटाने चिरलेला पंजा, तुटलेले नख, एवढे घरी करता येते. पहिले काम कुत्र्याचे तोंड बांधण्याचे. जिवाभावाचा कुत्राही दुखऱ्या जागी हात लागला की चावतो, त्यात त्याचा दोष नाही. मऊ कापडाची पट्टी नाकाडावर गुंडाळून, खाली जबड्याशी तिढा देऊन कानांमागे गाठ मारावी. मात्र कुत्र्याला उलटी होत असेल किंवा दम लागला असेल तर तोंड बांधू नये. आणि आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात तर फार वेळ बांधून ठेवूच नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो अंग थंड करतो.

मग जखम धुवावी. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचा दीड चमचा मीठ, सपाट भरून, हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगले औषध. पाणी भरपूर वापरावे, सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने जोराने मारावे, म्हणजे माती-केस निघून जातात. जखमेभोवतीचे केस कात्रीने कापावेत. नंतर पोव्हिडोन आयोडिन पाण्यात फिक्या बिनदुधाच्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. हे दिवसातून दोनदा. चाटू नये म्हणून प्लास्टिकच्या जुन्या बादलीचा तळ कापून ती गळ्यात पट्ट्याला बांधली तर विकतच्या कॉलरचे काम होते. पंजाची जखम असेल तर आठ-दहा दिवस कुत्र्याला खुंटांच्या वावरात सोडू नये. पंजाची गादी सावकाश भरते आणि रोज फाटत राहते. मालकांचे नेमके इथेच बिनसते, कारण कुत्रा तिसऱ्या दिवशी पळायला लागला की त्यांना तो बरा झालासा वाटतो.

हळदीबद्दल हमखास विचारतात. वरवरच्या खरचटण्यावर हळद लावली तर बिघडत नाही. खोल जखमेत मात्र हळद, राख, चुना, तंबाखू, कॉफी काहीही भरू नये. भुकटी आत घट्ट बसते, वर खपली धरते आणि खाली पू साठतो. फिनेल, रॉकेल, काळे ऑइल तर मुळीच नको. ते कातडी जाळते, आणि कुत्रा चाटून पोटात घेतो तो भाग वेगळा. गोचीड मारायला कपाशीवर फवारायचे औषध कुत्र्याच्या अंगाला चोळणारेही मी पाहिले आहेत. त्या औषधाने विषबाधा झालेली माणसे आम्ही डॉक्टर दर हंगामात ॲट्रोपिन देऊन वाचवतो. कुत्र्याचे वजन पंधरा-वीस किलो, आणि चोळणाऱ्याचे हात उघडे! गोचिडाची कुत्र्यासाठीची औषधे मिळतात, तीच वापरावीत.

आता जखम घरी ठेवायची नाही ती कोणती? रानडुकराच्या सुळ्याची. ही जखम फसवी असते. बाहेर दोन बोटांची चीर दिसते आणि आत कातडी-मांस वीतभर सुटलेले असते, कधी पोटापर्यंत भोक असते. ती घरच्या सुईने शिवणे म्हणजे आत घाण कोंडणे होय. आम्हीसुद्धा चावल्याची जखम लगेच शिवत नाही, आधी धुतो, उघडी ठेवतो. आतडे बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. स्वच्छ ओले कापड ठेवून, वरून धोतर-लुगडे गुंडाळून तसेच न्यावे. मानेवर बिबट्याच्या दाताची भोके, छातीची जखम, मोडलेले हाड, महामार्गावर गाडीची धडक, सापाचा दंश, या सर्वांत सकाळची संध्याकाळ करू नये. एक खूण प्रत्येक मालकाने शिकून ठेवावी. कुत्र्याचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबावी. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी मुळातच पांढरीफटक असेल तर आत रक्तस्राव चालू आहे असे धरावे, मग बाहेरची जखम कितीही लहान दिसो.

पावसाळ्यात अळ्या पडतात. दोन-चार अळ्या चिमट्याने काढून जखम धुता येते, पण कानात, डोळ्याजवळ किंवा शेपटीच्या बुडाशी खोल पडल्या असतील तर पशुवैद्यकच लागतो. काही लोक गुरांचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचतात. बैलाच्या मापाचे औषध कुत्र्याला अंदाजाने देणे हा जीवघेणा प्रकार आहे.

वेदनेच्या गोळ्यांचे तर विचारूच नका. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, कॉम्बिफ्लाम या गोळ्या आपल्या घरोघरी असतात. कुत्र्याच्या जठरात त्यांनी व्रण होतात, रक्ताची उलटी होते, काळी शी होते, मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉलचा डोस जास्त झाला तर यकृत आणि रक्त दोन्हींवर घाला येतो. जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक आपल्या सरकारने २००६ साली गिधाडांच्या मरणामुळे बंद केले, हे पुष्कळांना आठवत असेल. माणसांचे मात्र दुकानात मिळते आणि तिथूनच ते कुत्र्याच्या भाकरीत जाते. पशुवैद्यकाकडे कुत्र्याला चालणारी वेदनाशामके असतात, ती त्यांच्याकडूनच घ्यावीत.

जाता जाता धनुर्वाताचे. "कुत्र्याला एक टीटी देऊन टाका" ही मागणी मला दर महिन्याला होते. गंमत अशी, की धनुर्वाताला कुत्रा बराच दाद देत नाही. घोडा आणि माणूस लवकर बळी पडतात. तारेत अडकलेल्या कुत्र्याला सोडवताना ज्याचा हात फाटला, टीटी त्या मालकाला हवी असते. मी त्यालाच टोचतो.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट.

कामाच्या कुत्र्याची जखम कशाने झाली, हे कुणी विचारत नाही. रात्री कोल्हा आला होता, गावातले भटके कुत्रे वाड्यावर चालून आले होते, मुंगसाशी झटापट झाली, त्यातले एखादे जनावर पिसाळलेले असू शकते. त्याची लाळ कुत्र्याच्या जखमेत असते आणि आपण ती जखम भेगा पडलेल्या, काट्यांनी ओरबाडलेल्या उघड्या हातांनी धुतो. म्हणून हातात रबरी मोजे हवेत, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या चालतील. अनोळखी किंवा वेड्यासारखे वागणारे जनावर कुत्र्याला चावले असेल तर कुत्र्यालाही रेबीजची लस पुन्हा द्यावी लागते. तो निर्णय पशुवैद्यकाचा, आणि तो त्याच दिवशी व्हायला हवा.

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्याकडे खोकल्यासाठी आला. बोलता बोलता म्हणाला, कुत्रा मेला, घशात हाड अडकले होते. मी विचारले, हाड निघाले का? नाही निघाले. तोंड उघडे राहत होते, लाळ गळत होती, पाणी पिता येत नव्हते, आवाज घोगरा झाला होता. दोघा बापलेकांनी कोपरापर्यंत हात घालून शोधले आणि दातांनी हात खरचटले. तिसऱ्या दिवशी कुत्रा गेला. त्याला खोकल्याचे औषध देण्याआधी मी दोघांना जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. तिथे जखमांत सीरम भरले गेले, लसीचा पूर्ण कोर्स झाला. दोघेही आज शेती करतात.

हे मूक रेबीजचे चित्र आहे. पिसाळलेला कुत्रा म्हणजे चावत सुटणारा, एवढेच लोकांना ठाऊक असते. जबडा लुळा पडून कोपऱ्यात बसणारा कुत्राही पिसाळलेलाच असू शकतो. घशात हाड अडकल्यासारखे दिसले तर तोंडात हात घालायचा नाही. कुत्र्याला बांधून किंवा कोंडून ठेवायचे, पोरांना लांब ठेवायचे आणि पशुवैद्यकाला कळवायचे.

लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर साबण आणि वाहते पाणी, १५ मिनिटे घड्याळ लावून. त्यानंतर लस. पोटात १४ सुया घेण्याचा काळ गेला, ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात ४-५ वेळा टोचतात आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. रक्त निघाले असेल किंवा फाटलेल्या कातडीला लाळ लागली असेल तर जखमेत सीरमही भरावे लागते. ते छोट्या गावात नसते, त्यासाठी जळगाव किंवा धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. लक्षणे दिसू लागल्यावर आमच्या हातात काही उरत नाही. मेंढपाळ बांधवांनी तर चावण्याची वाट न पाहता आधीच लस घ्यावी. तसे केल्यावर पुढे कुत्रा चावलाच तर दोनच डोस पुरतात आणि सीरम लागत नाही.

आता फीचे बोलू. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शुल्क किरकोळ असते, हे पुष्कळांना माहीतच नाही. तिथे फक्त गाई-म्हशी पाहतात असा समज आहे. तो चुकीचा आहे, कुत्र्यालाही तपासतात. मोठी शस्त्रक्रिया असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसर्वचिकित्सालय आहे. १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करून फिरते पथक आपल्या भागात येते का, हेही विचारावे. डॉक्टर दौऱ्यावर असतात अशी तक्रार येते, ती खरी आहे. एका डॉक्टरकडे किती गावे असतात हे पाहिले की त्यांचाही राग येत नाही. म्हणून आधी फोन करावा आणि जखमेचा प्रकार नीट सांगावा.

रेबीजच्या लसीचा खर्च, बाहेर विकत घेतली तरी, शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीच्या आसपास असतो. पिलू ३ महिन्यांचे झाले की पहिली, मग पशुवैद्यक सांगतील तशी पुढची आणि नंतर दर वर्षी. सुळ्याच्या जखमेवर खर्च करायचा की नाही, हे मालकाने आपल्या खिशाकडे पाहून ठरवावे, मी त्याला बोल लावणार नाही. या लसीवर मात्र काटकसर करू नये, कारण ती कुत्र्याइतकीच मालकाच्या पोरांसाठी असते. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमारास बऱ्याच पशुवैद्यकीय दवाखान्यांत मोफत लसीकरणाची शिबिरे होतात. मेंढ्या घेऊन बाहेर पडण्याआधीचा हा काळ सोयीचा आहे. चार-पाच वाड्यांनी मिळून तारीख विचारून घेतली, तर सगळे कुत्रे एका टेम्पोत जाऊन येतात.