शिपाई घडतो कसा?

सैन्यात जाण्याची इच्छा आणि सैनिक होण्याची पात्रता या दोन गोष्टी एक नव्हेत. इच्छा एखाद्या संचलनाच्या दर्शनाने, वीरचरित्राच्या वाचनाने किंवा रजेवर आलेल्या शेजारच्या जवानाचा गणवेश पाहूनही क्षणात उत्पन्न होते. पात्रता मिळविण्यास मात्र महिने लागतात आणि ती टिकविण्यास सारी नोकरी. दरवर्षी हजारो तरुण भरतीच्या मैदानावर उतरतात, परंतु त्यांपैकी पुष्कळांची तयारी धावण्यापुरतीच असते. धाव संपल्यावर जे जीवन सुरू होते ते कसे असते, त्यात शिस्तीचे प्रयोजन काय आणि त्यासाठी घरी राहूनच कोणती तयारी करता येते, याचा विचार तरुणांनी व त्यांच्या पालकांनी आधीच करणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांकडेच पाहावे. ‘कवायत’ हा शब्द मूळचा अरबी असून तो ‘कायदा’ या शब्दाचे अनेकवचन आहे. कवायत म्हणजे नियमांचा समूह. ‘शिस्त’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचा जुना अर्थ आहे नेम. सैन्यातल्या हिंदीत आजही ‘शिस्त लेना’ म्हणजे बंदुकीचा नेम धरणे होय. शाळेत ‘शिस्तीत बसा’ एवढेच ऐकलेला मराठी मुलगा चांदमारीच्या मैदानावर हा शब्द या अर्थाने ऐकतो, तेव्हा त्याला थोडे नवल वाटते. पण दोन्ही अर्थांचे नाते जवळचे आहे. नेम धरणाऱ्याला श्वास, डोळा, खांदा आणि बोट ही चारही एका उद्दिष्टाकडे वळवावी लागतात. शिस्तही तेच करते. विखुरलेली शक्ती ती एका दिशेला लावते.

मराठी मुलखाला ही विद्या नवी नाही. महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉइन या सेनानीस चाकरीस ठेवून कवायती पायदळाची उभारणी केली. त्या पलटणींना ‘कंपू’ म्हणत. १७९० च्या सप्टेंबरात मेडत्याच्या रणांगणावर राठोडांचे घोडदळ या पायदळावर तुटून पडले. राठोडांच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. परंतु घोडी अंगावर येत असताना पायदळाने चौकोन बांधला, रांग मोडू दिली नाही आणि हुकूम मिळाल्यावर गोळीबार केला. त्या दिवशी वैयक्तिक शौर्यापुढे सामुदायिक शिस्त वरचढ ठरली.

त्याहूनही बोधप्रद प्रसंग त्यानंतर तेरा वर्षांनी घडला. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा शिंद्यांच्या चाकरीतील बहुतेक युरोपीय अधिकारी त्यांना सोडून गेले. ज्यांच्या तोंडच्या हुकुमावर पलटणी वर्षानुवर्षे हालत होत्या, ते हुकूम देणारेच नाहीसे झाले. असे असता १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवाडीच्या लढाईत हे पायदळ पळाले नाही. आपल्या तोफांपाशी ते शेवटपर्यंत झुंजले. विजयी इंग्रज सेनापती लेक यानेही आपल्या पत्रात त्यांच्या झुंजीची मुक्तकंठाने स्तुती केली. लढाई हरली गेली, पण एक गोष्ट सिद्ध झाली. वरिष्ठ पाठीशी उभा आहे म्हणून जी पाळली जाते ती भीती होय. वरिष्ठ निघून गेल्यावरही जी उरते तीच शिस्त.

ही शिस्त अंगी कशी बाणवतात हे पाहण्यास मराठी माणसाला दूर जावे लागत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. या पलटणीची परंपरा १७६८ पर्यंत मागे जाते आणि ‘कर्तव्य, मान, साहस’ हे तिचे ब्रीद आहे. बडोद्यास विद्युत व यांत्रिक अभियंत्यांचे विद्यालय आहे, हैदराबादेस तोफखान्याचे केंद्र आहे, गोव्यात संदेशवहन दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तर ग्वाल्हेरीस राष्ट्रीय छात्रसेनेच्या महिला अधिकाऱ्यांचे शिक्षण होते. इंदूरनजीकच्या महू छावणीत पायदळाचे विद्यालय आहे. याच महूत सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक असताना १८९१ साली बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. बाबासाहेबांच्या अंगच्या काटेकोर अभ्यासू वृत्तीचा विचार करताना घरातील या शिस्तप्रिय सुभेदारांना विसरता येत नाही.

केंद्रात दाखल झालेल्या तरुणास ‘रंगरूट’ म्हणतात आणि शिक्षकास ‘उस्ताद’. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेखाली होते. बेळगावच्या केंद्रात या अग्निवीरांचे शिक्षण सुमारे एकतीस आठवडे चालते. दिवस सूर्योदयापूर्वी सुरू होतो. व्यायाम, कवायत, शस्त्रांचे शिक्षण, नकाशावाचन, चांदमारी, पाठीवर ओझे घेऊन लांबच्या मजला आणि रात्री पहारा असा हा क्रम असतो. केस बारीक कापलेले, कपडे सारखे, अंथरुणाची घडी सारखी आणि पेटीतील वस्तूंची मांडणीही सारखी. घरी ज्याच्या ताटापुढचा पाण्याचा तांब्यासुद्धा आई किंवा बहीण ठेवते, त्या मुलाला पहिले काही आठवडे जड जातात. बूट चकाकला नाही म्हणून सर्वांदेखत बोलणी खावी लागतात आणि बूट व युद्ध यांचा काय संबंध, असा प्रश्न त्याच्या मनात येतो.

या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. युद्धात मनुष्य थकलेला, भुकेलेला आणि भ्यालेला असतो. अशा वेळी बुद्धी नवे काही सुचवीत नाही. सवय झालेलेच हात करतात. बंदूक स्वच्छ ठेवणे, पाण्याची बाटली भरून घेणे, पहाऱ्यावर डोळा न लागू देणे या गोष्टी क्षुल्लक दिसतात. परंतु एकाने केलेल्या हयगयीची किंमत शेजारच्या दहांना मोजावी लागते. म्हणून क्षुल्लक गोष्टही बिनचूक करण्याची सवय शांततेच्या काळात बुटापासून लावली जाते. कवायतीचा हेतूही असाच आहे. ‘सावधान’, ‘तेज चल’, ‘थम’ हे हुकूम आज रणांगणावर दिले जात नाहीत हे खरे; पण ऐकणे आणि करणे यांतील अंतर मिटविण्याचा त्याहून सोपा धडा अद्याप सापडलेला नाही.

अशा शिक्षणातून माणूस यंत्र बनतो, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. त्याचे उत्तर याच पलटणीच्या इतिहासात आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना शिपाई नामदेव जाधव यांच्या तुकडीतील बहुतेक जण मारले गेले किंवा जखमी झाले. जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना भर गोळीबारात, एकामागून एक, पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचविले. मग ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. हाताला जखम होऊन बंदूक चालविणे अशक्य झाले, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबाँबचा मारा केला आणि पुढे बांधावर उभे राहून पलटणीची रणगर्जना करीत मागच्या तुकड्यांना पुढे येण्याची खूण केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या क्षणी काय करावे हे सांगणारा वरिष्ठ त्यांच्याजवळ नव्हता. निर्णय त्यांचा स्वतःचा होता. शिस्तीने हातांना सवय लावली होती, म्हणूनच बुद्धी निर्णयासाठी मोकळी राहिली.

आज्ञापालनाविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. सैन्यात वाटेल तो हुकूम वाटेल त्याने द्यावा आणि दुसऱ्याने तो मुकाट्याने पाळावा, असे नाही. १९५० च्या सेना अधिनियमाचे ४१ वे कलम वरिष्ठाचा हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा सांगते. पण तो हुकूम कायदेशीर असावा, ही अट त्या कलमातच आहे. त्याच अधिनियमाच्या ४७ व्या कलमाने हाताखालच्या माणसास वाईट वागविणारा वरिष्ठ स्वतः अपराधी ठरतो. शिस्तीचे बंधन खालच्याप्रमाणे वरच्यावरही असते. मुलाला ‘धाकात ठेवणे’ म्हणजेच सैनिकी वळण लावणे असे मानणाऱ्या वडीलमंडळींनी हे ध्यानी घ्यावे. मार खाऊन गप्प बसणारा मुलगा चांगला शिपाई होतोच असे नाही. आपली चूक स्वतःहून सांगणारा मुलगा मात्र हमखास होतो.

आता तयारीविषयी. अलीकडच्या भरतीत प्रथम लेखी परीक्षा होते आणि तीत उत्तीर्ण झालेल्यांनाच मैदानावर बोलावतात. सर्वसाधारण शिपाईपदासाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण लागतात. म्हणून ‘अभ्यास जमत नाही, तेव्हा सैन्यात जाईन’ ही भाषा आता निरुपयोगी झाली आहे. मैदानावर १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत पार करणाऱ्यास पूर्ण ६० गुण व दहा पुल-अप्स काढणाऱ्यास ४० गुण मिळतात. त्याशिवाय नऊ फुटांचा खंदक उडी मारून ओलांडावा लागतो व नागमोडी फळीवरून तोल सांभाळीत चालावे लागते.

या धावेपायी अनेक तरुण स्वतःचे नुकसान करून घेतात. भरतीची जाहिरात निघाली की डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी, सकाळ-संध्याकाळ जीव तोडून धावणे सुरू होते. स्नायू लवकर बळावतात, हाडांना मात्र वेळ लागतो. त्यामुळे नडगी दुखू लागते, आणि ते दुखणे अंगावर काढल्यास हाडाला बारीक तडा जाऊन ऐन भरतीच्या वेळी अंथरूण धरावे लागते. सहा महिने आधीपासून मातीच्या मैदानावर हळूहळू अंतर वाढवावे, आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि वेगाचा सराव शेवटी करावा. आहारास महागडे डबे लागत नाहीत. भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, केळी आणि ऐपतीप्रमाणे अंडी यांनी पोषण होते. झटपट शक्ती देणाऱ्या सुया व गोळ्या मात्र विषासमान समजाव्यात. दृष्टी, रंगांची ओळख, कान, दात, गुडघे व पावले यांची तपासणी डॉक्टरकडून आधीच करून घ्यावी. दोन वर्षे घाम गाळल्यावर एखादा दोष कळण्यापेक्षा तो पहिल्याच महिन्यात कळणे हिताचे. काही दोषांवर उपचार होतात, आणि ज्यांवर होत नाहीत त्या बाबतीत तरुणाची दोन वर्षे तरी वाचतात.

मनाची तयारी याहून सोपी आणि याहून दुर्लक्षित आहे. घड्याळाच्या गजरावर, आईच्या हाकेवर नव्हे, पहाटे उठावे. आपले कपडे आपण धुवावे, अंथरूण आपण घडी करावे, ताटात पडेल ते खावे. ज्याच्याशी पटत नाही अशा माणसाबरोबर एखादे काम शेवटास न्यावे, कारण बॅरकीत शेजारी निवडता येत नाही. हातातला मोबाइल रोज काही तास दूर ठेवण्याची सवय करावी. कामापुरते हिंदी बोलण्याचा संकोच सोडावा. १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेत शाळा-महाविद्यालयांतूनच या जीवनाची चव घेता येते. अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी १९६१ साली सुरू झालेली साताऱ्याची सैनिकी शाळा आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी यांची वाट आहे. २०२२ पासून प्रबोधिनीचे दार मुलींनाही उघडले असून पहिल्या सतरा मुली मे २०२५ मध्ये शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.

दोन सावधगिरीच्या गोष्टी राहिल्या. पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणारा मनुष्य सर्वत्र भेटतो. कोणी जमीन गहाण टाकून, कोणी दागिने मोडून त्याचे खिसे भरतो. लष्करातील भरती विनामूल्य असते आणि खोट्या दाखल्यावर आत गेलेला मुलगा कधी ना कधी बाहेर काढला जातो. ज्या नोकरीचा पायाच सचोटी आहे, तिची सुरुवात लाचेने करणे हा त्या गणवेशाचा पहिला अपमान होय.

दुसरी गोष्ट वास्तवाची. अग्निवीराची सेवा चार वर्षांची असून त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवानांना पुढे कायम करण्याची तरतूद मूळ योजनेत आहे. उरलेल्यांना ऐन तारुण्यात पुन्हा नागरी जीवनात यावे लागते. भरतीतच न निवडलेल्यांची संख्या तर त्याहून कितीतरी मोठी. म्हणून शिक्षण अर्धवट टाकून मैदान गाठू नये. एखादे हातचे कौशल्य, एखादी पदवी, निदान बारावीचे प्रमाणपत्र पदरी असू द्यावे. पालकांनीही अपयशी मुलास टोमणे मारू नयेत. जो मुलगा दोन वर्षे पहाटे उठला, व्यसनापासून दूर राहिला आणि दिलेला शब्द पाळायला शिकला, तो रिकाम्या हातांनी परतलेला नसतो. शेतात, कारखान्यात, शाळेत वा कचेरीत, जेथे कोणी पाहत नसतानाही काम चोख करणारा मनुष्य हवा असतो, तेथे त्याचे स्वागतच होईल. गणवेश सर्वांच्या वाट्याला येत नाही. शिस्त मात्र ज्याला हवी त्याला उद्या पहाटेपासूनच मिळविता येते.