हजेरीपट आणि अभिप्रायवही

सोनिवलीतील आमच्या घराच्या माळ्यावर जी पत्र्याची पेटी आहे, तिच्यात वीटभट्टीवरच्या मुलांसाठी आम्ही काही मंडळींनी चालविलेल्या वर्गाचे सारे दप्तर अद्याप जपून ठेवलेले आहे. आणि दप्तर म्हणजे तरी काय, तर हिशेबाच्या चार चोपड्या, हजेरीपटांचा एक गठ्ठा, आणि येणाऱ्या पाहुण्यांनी आपले मत नोंदवावे म्हणून मोठ्या हौसेने विकत आणलेली तांबड्या पुठ्ठ्याची एक अभिप्रायवही. गेल्या महिन्यात ही पेटी उघडण्याचे निमित्त माझ्या पुतणीने घडविले. ती जर्मनीत नोकरीस आहे. "काका, सहा आठवड्यांची रजा शिल्लक आहे. कंबोडियात एका अनाथालयात मुलांना शिकवायला जाऊ का? तुम्ही एवढी वर्षे हेच केलंत, म्हणून विचारते," असे तिने फोनवर विचारले. आमच्या पिढीचा शिरस्ता असा, की उत्तर देण्यापूर्वी कागद पाहावे. म्हणून शिडी लावून मी पेटी खाली काढली.

अभिप्रायवही आधी हाती आली. तिच्यात निरनिराळ्या देशांतून आलेल्या तरुण-तरुणींचे मजकूर आहेत, आणि ते सारे मनापासून लिहिलेले आहेत याविषयी मला तिळमात्र शंका नाही. कोणी आठवडा, कोणी तीन आठवडे राहिले; कोणी रंगीत खडू आणले, कोणी चेंडू. गंमत अशी, की त्यांपैकी बहुतेक जण मुलांना एकच अभिनयगीत शिकवीत, डोके-खांदे-गुडघे-पाय दाखविण्याचे. आणि चौथ्या पाहुणीने ते शिकविण्यासाठी हात वर केले, तेव्हा मुलांनी तिला पहिला शब्दही उच्चारू न देता सगळे गाणे तालासुरात म्हणून दाखविले, एवढेच नव्हे, तर तिच्या चुकाही दुरुस्त केल्या. ती बिचारी आनंदाने टाळ्या वाजवीत राहिली. त्या दिवसाचा तिचा अभिप्राय वहीत आहे, आणि त्यात मुलांच्या विलक्षण ग्रहणशक्तीची प्रशंसा आहे.

हजेरीपटाची हकीकत निराळी. उल्हासच्या खोऱ्यात दिवाळी सरली, की भट्ट्या लागतात. मालकाकडून पावसाळ्यातच उचल घेऊन बसलेली कातकरी कुटुंबे पोरांबाळांसह, कोंबड्यांसह येऊन भट्टीच्या कडेला गवताचे भोंगे उभारतात आणि वळवाचे ढग दिसू लागेतो तेथेच राहतात. त्यामुळे आमच्या पटावर कार्तिकापासून वैशाखापर्यंत नावे असत आणि पुढची घरे कोरी. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने अशाच मुलांसाठी ज्या भोंगाशाळा काढल्या होत्या, त्यांवरूनच आमच्या वर्गाची कल्पना सुचलेली. दोन्ही वह्या शेजारी शेजारी मांडल्यावर जे इतक्या वर्षांत कधी ध्यानात आले नव्हते ते आले: पाहुणा तीन आठवड्यांनी जात होता, आणि मूल सहा-सात महिन्यांनी जात होते, वर्गात राहणारे असे कोणी नव्हतेच. मग शिकविले कोणी? या प्रश्नाचे उत्तर मला पेटीत मिळाले नाही. ते शोधीत मी बराच मागे, आणि रुळांच्या वाटेने बराच लांब गेलो.

सोनिवली हे बदलापूरच्या पश्चिम अंगाचे गाव. बदलापुराहून निघणारा लोहमार्ग कर्जतवरून बोरघाट चढतो, लोणावळे आणि पुणे मागे टाकतो, आणि दौंडच्या अलीकडे केडगाव नावाच्या एका लहानशा स्थानकावरून पुढे सोलापूरकडे जातो. १८९० च्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी आपले शारदा सदन हे विधवा मुलींसाठीचे गृह मुंबईहून पुण्यास हलविले, तेव्हा त्या मुलींचे, त्यांच्या ट्रंकांचे आणि पाट्या-पुस्तकांचे बिऱ्हाड याच रुळांवरून, आमच्या गावाच्या शिवारालगतून गेले असले पाहिजे, असे मनात आणायला मला आवडते.

परदेशी जाऊन वंचितांच्या संस्थेत हातभार लावणे ही गोष्ट आज यात्रा कंपनीच्या सहलीसारखी विकली जाते. परंतु या मार्गाने गेलेल्या मराठी माणसांचा शोध घेऊ लागले, तर अगदी आरंभीच रमाबाई उभ्या दिसतात. त्यांच्या जाण्यात परोपकाराची ऐट नव्हती, कारण त्या स्वतःच दुष्काळाने पोळलेल्या होत्या. आई, वडील आणि थोरली बहीण ही सारी दक्षिणेतील दुष्काळाच्या वणवणीत गेली; भावाबरोबर पायी हिंडत त्या कलकत्त्यास पोहोचल्या; पुढे विवाह झाला, आणि पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये निवर्तले तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. १८८३ साली इंग्लंडास गेल्या त्या वैद्यक शिकण्यासाठी. कानांनी साथ दिली नाही म्हणून तो बेत राहिला. मात्र वाँटेजच्या ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या, त्यांनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथे आपले एक आश्रयगृह पाहण्यास नेले, आणि समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकले त्या स्त्रियांची तेथे होणारी शुश्रूषा पाहून आपले मन कसे हलले, हे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. स्वदेशी अशा स्त्रियांसाठी काय आहे, हा प्रश्न त्या फुलहॅमहून घेऊन निघाल्या.

अमेरिकेस त्या गेल्या १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीच्या पदवीदानास, म्हणजे केवळ काही महिन्यांपुरत्या. आणि राहिल्या अडीच वर्षांच्या वर. या काळात त्यांनी फ्रोबेलची बालोद्यानपद्धती शिकून घेतली, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, गावोगाव व्याख्याने दिली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. त्या मंडळाने दहा वर्षे विधवागृहाचा खर्च चालविण्याचा करार केला. निरनिराळ्या शहरांत रमाबाई सर्कल नावाची लहान लहान मंडळे निघाली, आणि ती वर्गणी गोळा करून मुख्य मंडळाकडे रुजू करीत. आनंदीबाईंना पदवी मिळाली ती ११ मार्चला, आणि तीन वर्षांनी, १८८९ मध्ये, शारदा सदन उघडले तेही ११ मार्चलाच. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या. पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी, आनंदीबाई कर्वे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला.

परक्या देशाच्या पैशाबरोबर परकी अपेक्षाही येते, आणि तिची झळ सदनाला लवकरच लागली. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात या बातमीने पुणे खवळले, टिळकांच्या केसरीने तोफ डागली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर या सल्लागारांनी अंग काढून घेतले, आणि कित्येक पालक मुलींना घेऊन गेले. त्यावर बॉस्टनहून मंडळाच्या ज्युडिथ अँड्र्यूज स्वतः पुण्यास आल्या आणि काम प्रत्यक्ष पाहून गेल्या. या वादात कोणाची बाजू किती खरी, याचा निवाडा करण्याची माझी योग्यता नाही. इतके मात्र म्हणतो, की मुलाला भाकरी देताना त्याच्याकडून काय मागायचे नाही, हा प्रश्न त्या वर्षी मराठी समाजात प्रथम एवढ्या मोठ्याने विचारला गेला, आणि तो टिळक-रानड्यांबरोबर मिटला असे समजण्याचे कारण नाही. आज मागितली जाते ती श्रद्धा नसेल कदाचित. छायाचित्र मागितले जाते.

खरी कसोटी पुढेच लागली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर, दुष्काळी छावण्यांत सापडलेल्या सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त होता. शहरात इतक्या मुली ठेवण्यास परवानगी मिळेना, म्हणून केडगावच्या माळावर त्यांनी पूर्वीच घेऊन ठेवलेल्या जमिनीत झोपड्या, तंबू उभे राहिले, आणि त्यातून मुक्ती सदन निघाले. १९०० च्या दुष्काळात तेथील वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. तेलाचा घाणा, माग, शेती, छापखाना अशी सारी कामे मुलींच्याच हाती. अमेरिकेतून, इंग्लंडातून, ऑस्ट्रेलियातून स्त्रिया येथे येऊन राबल्या. त्यांतील मिनी अब्रॅम्स १८९८ मध्ये केडगावी आल्या. परंतु त्याआधी तब्बल अकरा वर्षे त्यांनी मुंबईत काढली होती. आजच्या भाषेत ज्याला स्वयंसेवकाचे पूर्वप्रशिक्षण म्हणतात, ते अकरा वर्षांचे होते.

तरीही माझे लक्ष अडते ते या परदेशी स्त्रियांवर नव्हे. त्या तीनशे मुली उवांनी, खरजेने, भुकेने पछाडलेल्या, कोणाचा विश्वास न धरणाऱ्या अशा केडगावी उतरल्या, तेव्हा त्यांचे केस कापण्यास, त्यांना न्हाऊ घालण्यास, रात्री त्यांच्याजवळ निजण्यास शारदा सदनातल्या मुलीच पुढे झाल्या. ज्यांना काही वर्षांपूर्वी कोणी तरी असेच न्हाऊ घातले होते, त्याच. बॉस्टनच्या पैशाने, वाँटेजच्या उदाहरणाने आणि रमाबाईंच्या जिद्दीने जे काही उभारले, त्याचे सार मला या एका गोष्टीत दिसते. वार्षिक अहवालांत देणाऱ्यांच्या नावांच्या याद्या असत. या मुलींपैकी बहुतेकींची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

परदेशी हातांनी महाराष्ट्रात निखालस चांगले काम केल्याचे एक उदाहरण म्हणजे आनंदवन. पिएर सेरेसोल या स्वित्झर्लंडच्या शांतिवादी गृहस्थाने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, व्हर्दूनजवळच्या उद्ध्वस्त खेड्यात कुदळ-फावडे घेऊन ज्या चळवळीचा आरंभ केला, त्या सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे तरुण पन्नाशीच्या दशकात वरोऱ्यास येऊन राहिले आणि बाबा आमट्यांच्या कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी इमारती बांधल्या; त्या काळी त्या आवारात पाणी प्यायलाही लोक कचरत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या येण्याचे मोल कळते. पण भिंत ही भिंत असते. वीट रचणारा निघून गेला तरी ती ढळत नाही, रडत नाही, दुसऱ्या दिवशी दाराशी वाट पाहात बसत नाही. विटांच्या गावात राहणाऱ्या माणसाला हा भेद सुचावा, यात नवल नाही.

आता पुतणीच्या कंबोडियाकडे वळतो. युनिसेफने तेथील जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यानुसार २००५ पासूनच्या पाच वर्षांत त्या देशातील अनाथालयांची संख्या सुमारे पाऊणपट वाढली, आणि ती वाढली ती अनाथ वाढले म्हणून नव्हे; आतील बहुसंख्य मुलांची आई किंवा बाप हयात होता. मदतीस उत्सुक असलेला प्रवासी विमानाने येतो, त्याला भेटण्यासाठी मूल लागते, मूल दाखविण्यासाठी इमारत लागते, आणि गरीब आईबापांना चांगल्या शिक्षणाचे वचन देऊन मूल त्या इमारतीत आणले जाते, असा हा व्यवहार आहे. नेपाळातही हाच प्रकार उघडकीस आला. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पालकांच्या छत्राविना राहणाऱ्या मुलांविषयी जो ठराव केला, त्यात अनाथालयांतील अशा स्वयंसेवेच्या दुष्परिणामांचा स्पष्ट उल्लेख झाला. आमच्याकडे २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने बालगृहाची नोंदणी सक्तीची केली, मुलाला संस्थेत ठेवण्याचा अधिकार बालकल्याण समितीकडे दिला, आणि अशा मुलाची ओळख पटेल असे नाव वा चित्र प्रसिद्ध करण्यास मनाई केली. माझ्या अभिप्रायवहीत डकविलेली छायाचित्रे मी हे वाचल्यानंतर काढून टाकली. ती डकवताना मला त्यांचा मोठा अभिमान वाटला होता, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

पुतणीला मी इतकेच सांगितले, की जाण्यापूर्वी त्या संस्थेस एक पत्र टाक आणि मुलांचे आईबाप कोठे आहेत, एवढे विचार. तिने विचारले. पुढील वर्षीच्या कार्यक्रमाचे माहितीपत्रक आले. उत्तर आले नाही.

मग तिने मलाच गाठले: "पण काका, रजा आहे ना माझी! मी करू तरी काय?" मी फोन आमच्या वर्गाच्या बाईंच्या हाती दिला. या बाई म्हणजे माझ्या सर्वांत जुन्या हजेरीपटातील चौदाव्या क्रमांकाची मुलगी. तिचे आईबाप भट्टीवर विटा थापणारे होते, आणि आता वर्ग तीच चालविते. पाहुण्यांच्या वहीत तिने कधी काही लिहिले नाही. तिने पुतणीला विचारले, "ताई, संगणकावर मराठी टाइप करता येतं का?" कारण बाईंची खरी अडचण खडू-चेंडूंची नव्हती. स्थलांतर करणाऱ्या मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत विनातक्रार घेतले जावे म्हणून शिक्षण हमी पत्रक मिळते. ते मूळ गावच्या शाळेतून आणायचे, इकडच्या शाळेत दाखवायचे, वैशाखात पुन्हा उलटे पाठवायचे, आणि त्यासाठी कोणते मूल कोणत्या पाड्याचे, कोणत्या शाळेचे, कितवीत, याची बिनचूक यादी लागते. ती यादी करण्यास बाईंना उसंत नाही.

सहा आठवड्यांची ती रजा पुतणीने अखेर घेतलीच नाही. संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर ती बाईंनी पाठविलेल्या पटांच्या प्रती पाहून नावे उतरवून काढते. तिने त्यांपैकी एकही मूल पाहिलेले नाही. परवा बाईंनी तिला फोनवर चांगलेच खडसावले. तिने सात मुलांचे आडनाव 'हेलम' असे लिहिले होते. "हिलम आहे ते, ताई," बाई म्हणाल्या, "उद्या शाळेत पोरगं परत पाठवतील, मग परत जव्हारला कोण जाणार?" पलीकडून क्षणभर काहीच ऐकू आले नाही, आणि मग कळफलकाचा आवाज सुरू झाला.